गॅस आला, पण आंघोळीच्या पाण्याची चूल तशीच राहिली

कुहीची_लेक
(धागा सुरू केला)

माझं माहेर कुही तालुक्यात, मी राहते नागपुरात मानेवाड्याला. आई एकोणसाठ वर्षांची आहे. तिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, खर्राही खाल्ला नाही. तरी तीन वर्षं ती खोकत होती. पहिल्या वर्षी आम्ही हवा बदलली म्हणून सोडून दिलं. मग गावाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे छातीचा फोटो काढला आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आईने सहा महिने एकही दिवस न चुकवता त्या घेतल्या. खोकला तसाच राहिला. विहिरीवरून एक गुंड (घागर) पाणी आणताना ती वाटेत दोनदा टेकायला लागली, तेव्हा मला भीती वाटली.

गेल्या महिन्यात तिला मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत जोरात फुंकायला लावलं, मग पंपाने औषध दिलं, पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. कागद बघता बघता त्यांनी विचारलं, ‘आई, स्वयंपाक कशावर करता?’ आई म्हणाली, ‘गॅसवर.’ मीही हो म्हटलं. आमच्याकडे २०१८ मध्येच उज्ज्वलाचं कनेक्शन आलं आहे. बाईंनी लगेच पुढचं विचारलं, ‘आणि पाणी कशावर तापवता?’

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ते तं चुलीवरच नं.’

घरी आल्यावर मी पहिल्यांदा नीट हिशेब केला. घरात सहा माणसं. हिवाळ्यात पहाटे पाचला चूल पेटते ती साडेसातपर्यंत चालते, पाण्याचा एक गंज (पातेलं) उतरला की दुसरा चढतो. नंतर त्याच विस्तवावर गाईचं खाणं शिजतं. रोडगे, वडे, पाहुण्यांचं जेवण हे सगळं त्याच चुलीवर. उन्हाळ्यात चूल अंगणात असते. पावसाळ्यात आणि थंडीत ती मागच्या सपरीत (छपरात) येते, आणि त्या सपरीला आम्हीच तीन बाजूंनी टिना (पत्रे) ठोकल्या आहेत, पाऊस आत येऊ नये म्हणून. म्हणजे लाकडं सगळ्यांत ओली असतात त्याच दिवसांत आई त्या बंद खोपटात फुंकणी घेऊन बसते.

आजाराचं नाव सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. तिच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या बाईने जेवढं फुंकायला हवं त्याच्या जवळपास निम्मंच ती फुंकू शकते.

मला सगळ्यांत लागलं ते वेगळंच. दर दिवाळीला मी माहेरी जाते आणि त्याच चुलीवर तापलेल्या पाण्याने उटणं लावून आंघोळ करते. आई पहाटे साडेतीनला उठून ते पाणी तापवते. ती खोकते आहे हे मला न्हाणीतून ऐकू यायचं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण भागात ४३ टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असं आलं. आमच्या घरी कुणी विचारायला आलं असतं तर आम्हीही गॅसच सांगितला असता, आणि खोटंही बोललो नसतो.

तुमच्याकडे गॅस आल्यावर चूल खरंच बंद झाली का? पाण्याचं काय केलं? कुणी काही करून पाहिलं असेल तर सांगा.

आशा_भिवापूर

ताई, तुम्ही लिहिलं ते वाचून मी आमच्या फॉर्मची वही काढून बसली. आम्ही आशा लोक तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म भरतो, दीर्घ आजारांचा धोका ओळखायचा. त्यात एक प्रश्न असतोच, स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता. लाकूड, पिकाचा कचरा, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, गॅस. मी बाईला विचारते, बाई ओट्यावरच्या शेगडीकडे बोट दाखवते, मी गॅसवर खूण करते. मागच्या दारी चूल धुपत असते आणि मी ती पाहतही असते, पण प्रश्न स्वयंपाकाचा आहे म्हणून खूण गॅसवरच पडते. आता मी बाजूला पेनाने ‘पाणी चुलीवर’ असं लिहून राहिली.

दुसरी गोष्ट पैशाची. बायका म्हणतात, ‘सिलिंडर तं आहे जी, पण भरायले पैसा कुठून आणाचा?’ मिरची खुडायच्या हंगामात हातात रोजी असते तेव्हा सिलिंडर भरतो. जून-जुलैत पेरणीला सगळा पैसा जातो तेव्हा तो रिकामा कोपऱ्यात उभा असतो, वर फडकं टाकून. आणि धूर सगळ्यांत जास्त तेव्हाच, कारण चूल आत असते.

एक कामाची गोष्ट सांगते. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे परत मिळतात, २०२४ पासून. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या बायांना. पण कनेक्शन बाईच्या नावावर पाहिजे. आमच्या गावात कितीतरी कनेक्शन सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर आहेत, म्हणून मिळत नाही. नाव बदलून घ्यायला एजन्सीत दोन चकरा लागतात, पण होते. मी चार घरचं करून दिलं.

छातीचा_डॉक्टर

कुहीची_लेक, दुसरा प्रश्न विचारणारी डॉक्टर तुम्हाला भेटली हे फार चांगलं झालं. आम्ही छातीरोगवाले पुरुष रुग्णाला बिडीबद्दल विचारायला कधी विसरत नाही. बाईला विचारतो, ती नाही म्हणते, आणि आम्ही पुढच्या ओळीवर जातो. माझ्या हातून हे कैक वर्षं झालं आहे, म्हणून सांगतो.

थोडं समजावून लिहितो, इथे बऱ्याच जणांच्या घरी हा प्रश्न असणार.

लाकूड, गोवरी, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) अर्धवट जळतात तेव्हा अडीच मायक्रॉनहून लहान कण सुटतात. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण ओळीने मावतील. नाक, घसा त्यांना अडवू शकत नाही, ते श्वासनलिकेच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत जातात. तिथे रोज सूज, रोज चिकट कफ, रोज थोडी जखम. वीस-तीस वर्षांत त्या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होऊन आतली वाट अरुंद होते. हवा आत जाते पण बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून ‘दम भरून येतो’ ही तक्रार. भारताचं हवेचं मानक अशा कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची. पेटत्या चुलीजवळ आकडा शेकड्यांत असतो, ओल्या लाकडाला हजाराच्या वर जातो.

बिडी-सिगारेटवाल्यात फुफ्फुसाचे फुगे फाटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, चुलीवाल्या बाईत नळ्यांचाच आजार जास्त. त्यामुळे एक्स-रे बऱ्याचदा जवळपास स्वच्छ येतो आणि ‘काही नाही, खोकल्याचं औषध घ्या’ असं ऐकावं लागतं. खरी तपासणी ती नळीत फुंकण्याचीच, स्पायरोमेट्री. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण बाहेर पडलेली हवा. पंपाचं औषध दिल्यावरही हा भागाकार ०.७० च्या खाली राहिला तर नळ्या अडल्या आहेत.

काही बायकांच्या फुफ्फुसात दुर्बीण घातली की आत काजळीचे काळे डाग दिसतात, नळी आवळलेली असते. खाणीत कधी न गेलेल्या बाईचं फुफ्फुस खाणकामगारासारखं. अशा रुग्णात टीबीही सोबत सापडतो, म्हणून थुंकी तपासायलाच हवी. पण न तपासता औषध देणं चूक, आणि बरं वाटलं नाही तरी सहा महिने कुणी पुन्हा न पाहणं ही त्याहून मोठी चूक.

पंपाची सवय लागते ही भीती आईंच्या मनातून काढा. पंपातलं औषध थेट नळीत जातं म्हणून मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. मात्र पंप ओढायची पद्धत चुकली तर ते सगळं जिभेवर बसतं, तेव्हा प्रत्येक भेटीत डॉक्टरसमोर ओढून दाखवायला सांगा. दम लागला की नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. फ्लूची लस दरवर्षी.

आता मुद्द्याचं. गॅस आणला, धूर अर्धा झाला, म्हणजे धोका अर्धा झाला असं होत नाही. धुराच्या आणि आजाराच्या नात्याची रेघ सुरुवातीला एकदम चढते आणि वर जाऊन सपाट होते. फार धूर असलेल्या घरात थोडा कमी केला तर फायदा थोडाच दिसतो, खरा फायदा तळाशी आहे, चूल जवळपास पूर्ण थांबते तिथे. म्हणून ती पाण्याची चूल किरकोळ नाही.

संत्र्याची_बाग
(काटोल)

डॉक्टरसाहेबांबद्दल आदर ठेवून बोलतो. माझी आजी चुलीवर रांधत रांधत ब्याण्णव वर्षं जगली. आमच्याकडे छाटणीचं संत्र्याचं लाकूड फुकट, वेचणी संपली की पऱ्हाटी फुकट, तुराट्या फुकट. शेतात जाळण्यापेक्षा चुलीत गेलेलं बरं नाही का? गॅसला लागणारे पैसे शेतकऱ्याने काढायचे कुठून? शहरात बसून चूल बंद करा म्हणणं सोपं आहे. आणि भरीत गॅसवर होत नाही हे तुम्हीही मान्य कराल.

कुहीची_लेक

दादा, मी शहरात बसून बोलत असले तरी खोकणारी माणूस गावातच आहे. तुमच्या आजी ब्याण्णव वर्षं जगल्या, आनंद आहे. माझी आजी बावन्नाव्या वर्षी गेली. दमेकरी होती असं घरात सांगतात. तिला कधी कुणी नळीत फुंकायला लावलं नाही, त्यामुळे ती कशाने गेली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. जगलेल्या आज्या सगळ्यांना आठवतात.

पैशाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. ते मी नाकारत नाही. फुकट सरपणाचा हिशेब लावताना मात्र ते आणणारीचा वेळही धरा, आता आईच्या दोन पंपांचा महिन्याचा खर्चही मी त्यात धरते.

भरीत अंगणातल्या तुराट्यांवरच करा. आठवड्यातून एकदा, उघड्यावर, चार माणसं भोवती. त्याला माझी ना नाही.

चुलीवाले_काका

मी सुधारित चुलींच्या कामात बरीच वर्षं घालवली, आता निवृत्त आहे. दोन शब्द.

बिनधुराच्या चुलीचं स्वप्न आपल्या भागाला नवं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी मातीची ‘मगन चूल’ केली होती. पुढे केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला, १९८० च्या दशकात. देशभर तीन कोटींच्या वर चुली बसवल्या आणि २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम थांबवला. मी स्वतः बसवलेल्या चुलींकडे वर्षाने परत गेलो तेव्हा बहुतेकांची एकच गत होती. धुराडं काजळीने गच्च, ते झाडायचं कसं हे घरातल्या बाईला कुणी दाखवलंच नव्हतं. सांध्याला भेग पडली की धूर पुन्हा घरात. कितीतरी ठिकाणी तोंड लहान म्हणून बाईने ते फोडून मोठं केलं होतं. तिचं चुकलं नव्हतं. तिच्याकडचं लाकूड त्या तोंडात मावत नव्हतं आणि बारीक फोडून द्यायला कुणी नव्हतं.

आपल्या नागपुरात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ‘नीरधूर’ नावाची चूल तयार केली, लाकूड, गोवरी, कोळसा असं काहीही चालणारी. प्रयत्न प्रामाणिक आहेत. पण आफ्रिकेत मलावीत दहा हजारांवर लहान मुलांवर मोठी चाचणी झाली, घरोघरी पंख्याच्या सुधारित चुली दिल्या. २०१६ मध्ये निकाल आला, मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नव्हता. डॉक्टरांनी ती चढणारी रेघ सांगितली, तिचाच हा धडा आहे असं मी समजतो. वाईट वाटलं मला ते वाचून, आयुष्य त्यात गेलं.

काटोलच्या भाऊंना एक. पऱ्हाटी भराभर जळते, दर दोन मिनिटांनी आत सारावी लागते, म्हणून बाई चुलीपासून हलू शकत नाही. जाड सुकं लाकूड असेल तर ती लावून बाजूला तरी होते. आणि घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांत राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ ला विदर्भाने काय भोगलं ते तुम्हाला मी सांगायला नको. कृषीवाले पऱ्हाट्या ठेवू नका म्हणतात ते त्यासाठी. बारीक करून खत करता आलं तर तुमच्याच कपाशीचं भलं होईल.

पेंचकाठची

पारशिवनीकडे सरपण फुकट असतं ते जंगलातून. पहाटे चार-पाच जणी मिळून जातो. वाघाची भीती असते म्हणून जोरजोरात बोलत जातो, एकटीने कुणी जात नाही. मोळी डोक्यावर घेऊन परत यायला दुपार होते. माझ्या चुलतसासूला आता मोळी उचलवत नाही, दम लागतो. तर ती ओल्या काड्या, पालापाचोळा असं मिळेल ते जाळते, त्याने धूर आणखी वाढतो. जिला दम आहे तिच्याच वाट्याला वाईट सरपण येतं. हे डॉक्टरसाहेबांनी ध्यानात घ्यावं म्हणून लिहिलं.

उमरेड_रोड

आमच्याकडे खाणीमुळे दगडी कोळसा मिळतो, लोक शेगडीत तोच जाळतात. तो लाकडापेक्षा बरा का? धूर कमी दिसतो.

छातीचा_डॉक्टर

पेंचकाठची, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. लक्षात ठेवीन.

उमरेड_रोड, बरा नाही, उलट वाईट. घरात दगडी कोळसा जाळण्याचा धूर जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकला आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. लाकडाचा धूर त्याखालच्या गटात, बहुधा होतो असा. शिवाय धूर दिसेनासा झाल्यावरही निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला ना रंग ना वास. थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार लावून कुणीही झोपू नका. त्या झोपेतून माणसं उठत नाहीत.

एक राहिलं. संध्याकाळी डासांसाठी लावायची कॉइल. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघालेले मोजले होते. चूल विझवून उशाशी कॉइल लावली तर आईंची रात्रही धुरात जाईल. मच्छरदाणी बांधा.

संत्र्याची_बाग

कुहीच्या ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. बायकोला विचारलं, तुला सकाळी खोकला येतो का. ती म्हणाली, येतो, पाच-सहा वर्षं झाली. मला ठाऊक नव्हतं. नागपूरला कुठे दाखवावं?

छातीचा_डॉक्टर

मेडिकल, मेयो रुग्णालय किंवा मिहानचं एम्स, तिन्हीकडे फुंकायची तपासणी होते. आधी थुंकी द्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा, किती वर्षं चूल, दिवसाचे किती तास, आत की बाहेर.

कुहीची_लेक
(पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते.

पहिल्याच रविवारी भावाने सपरीच्या दोन बाजूंच्या टिना काढल्या. तिसरी ठेवली, पावसाच्या झडीची. चूल मात्र तिथून हलवलीच. अंगणात निंबाखाली जुना तांब्याचा बंब मांडला, त्यात थोड्या सरपणात जास्त पाणी तापतं. तो पेटवायचं काम आता बाबांचं. बाबा पहिले दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी धूर डोळ्यांत गेला तेव्हा म्हणाले, ‘हे ती चाळीस वर्षं करून राहिली?’ त्यानंतर त्यांनीच ठरवलं की ते आणि भाऊ दुपारी शेतातून आल्यावर आंघोळ करणार, उन्हात काळ्या पिंपात ठेवलेल्या पाण्याने. नागपूरच्या उन्हाला थंडीतही दुपारी एवढं जमतं. सकाळी गरम पाणी फक्त दोन नातवंडांना आणि आईला लागतं, तेवढं गॅसवर होतं. डाळ रात्री भिजवून कुकरला लावायची, त्यात वाचलेला गॅस इकडे येतो.

गाईचं शिजवणं अजून सुटलेलं नाही. ते बाहेरच्या चुलीवर होतं आणि वहिनी करते. वहिनी एकतीस वर्षांची आहे. तिलाही पुढच्या खेपेला नळीत फुंकायला नेणार आहे, ती नको म्हणते आहे.

आईचा खोकला थांबलेला नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, गेलेलं परत येत नाही, पुढचं वाचवायचं. पण गुंड घेऊन येताना परवा ती एकदाच बसली.

कनेक्शन बाबांच्या नावावर निघालं. उज्ज्वलाचं कनेक्शन बाईच्याच नावावर असतं असं मी धरून चालले होते, प्रत्यक्षात ते आमचं साधं कनेक्शन होतं, उज्ज्वलाचा अर्ज मागेच पडून राहिला होता. मी वर उज्ज्वला लिहिलं ते चुकीचं होतं. आशाताई, आईच्या नावावर करायला कोणकोणते कागद नेले तुम्ही त्या चार घरांचे? आणि पेरणीच्या महिन्यांत पाच किलोचा लहान सिलिंडर परवडेल का, कुही-मांढळकडे तो भरून मिळतो का, कुणाला माहीत असेल तर सांगा. जूनच्या आधी करायचं आहे.